गर्भिणीचे आक्षेप : एका व्याधीचा इतिहास

एखादी धडधाकट तरुण स्त्री. पहिलेंच गर्भारपण, दिवस भरत आलेले. दोन दिवस डोकें ठणकत आहे, चेहऱ्यावर आणि हातांवर थोडी सूज आली आहे, मधूनमधून डोळ्यांपुढें काजवे चमकतात, इतकीच काय ती तक्रार. घरांतील वडीलधारीं माणसें, गर्भारपणांत असें व्हावयाचेंच, म्हणून तिची समजूत घालतात. आणि मग अकस्मात् तिची दृष्टि एका जागीं खिळते, चेहऱ्याचे स्नायु ओढले जातात, दांतखीळ बसते, सर्व अंग लाकडासारखें ताठ होऊन श्वास कोंडतो, आणि पाठोपाठ हातपाय जोराचे आचके देऊं लागतात. मिनिटा-दीड मिनिटानें झटका ओसरतो व ती बेशुद्धावस्थेंत घोरत पडते. शुद्धीवर येते न येते तोंच कित्येकदां दुसरा झटका येतो. एका वेळीं दोन जीव पणास लागलेले असतात, आणि भोंवतालच्या माणसांना काय करावें हें सुचत नाहीं.

ह्या व्याधीला पाश्चात्त्य वैद्यकांत एक्लॅम्प्शिया असें नांव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकाएकीं झळकून उठणें, वीज चमकावी तसें प्रकट होणें. नांव यथार्थ आहे, पण फसवेंहि आहे. कारण ही वीज निरभ्र आकाशांतून सहसा पडत नाहीं, तिच्या आधीं बहुधा ढग जमलेले असतात. ते ढग ओळखावयास शिकणें हाच ह्या व्याधीवरील उपचारांच्या इतिहासाचा पूर्वार्ध होय. आधीं रोगाचें कारण सांपडतें आणि मग उपाय, अशी सामान्य समजूत असते. येथें उलट घडलें. कारणाचा थांग पुरता लागलेला नसतांना केवळ काळजीपूर्वक पाहणें, मोजणें आणि तुलना करणें यांच्या बळावर असंख्य माता वांचल्या. जेथें मोजण्याचा आळस झाला आणि अधिकारी पुरुषांच्या शब्दावरच भिस्त ठेवली गेली, तेथें त्याची किंमतहि मातांनाच द्यावी लागली.

व्याधि नवी नव्हे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटीस याच्या नांवावर असलेल्या ग्रंथसंग्रहांत गर्भिणीला जड डोकेदुखी, गुंगी आणि झटके येणें हें अशुभ लक्षण म्हणून नोंदलेलें आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मूढगर्भाचें, म्हणजे अडलेल्या प्रसूतीचें, जें विवेचन आहे, त्यांत आक्षेपक, श्वास, भ्रम इत्यादि उपद्रवांनीं पीडलेल्या स्त्रीची चिकित्सा वैद्यानें हातीं घेऊं नये असें सांगितलें आहे. आजच्या वाचकाला हा सल्ला कठोर वाटेल. परंतु त्यांत प्रामाणिकपणा आहे. आपल्या विद्येची मर्यादा कोठें संपते हें त्या शास्त्रकारानें स्वच्छपणें सांगून ठेवलें. पुढील दीड-दोन हजार वर्षांत ही मर्यादा फारशी पुढें सरकली नाहीं. गांवोगांवीं हें दुखणें फेफरें म्हणून वा बाहेरची बाधा म्हणून ओळखलें जाई, आणि धूप, अंगारा व नवससायास यांपलीकडे कोणाजवळ कांहीं नसे.

युरोपांतहि स्थिति फार निराळी नव्हती. सतराव्या शतकांत पॅरिस येथील सुप्रसिद्ध प्रसूतिवैद्य फ्रान्स्वा मोरिसो यानें एक मोलाची गोष्ट टिपली : हे आक्षेप पहिलटकरणींना अधिक येतात. हें निरीक्षण आजहि खरें आहे. पण त्याचा अर्थ लावतांना त्या काळच्या कल्पना आड आल्या. अंगांत रक्त फार झालें, तें मेंदूकडे चढलें, म्हणून झटके आले, अशी उपपत्ति. तेव्हां शीर तोडून रक्त काढावें, हा उपचार. अठराव्या शतकांत माँपेलिये येथील बोआसिए द सोवाज यानें हे तात्कालिक झटके जन्माच्या सोबती असलेल्या अपस्माराहून निराळे आहेत असें वर्गीकरण केलें. रोगाला स्वतंत्र नांव आणि स्वतंत्र स्थान मिळालें, पण उपचार तोच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बेशुद्ध पडलेल्या गर्भिणीच्या दंडांतून रक्त काढणें हेंच वैद्याचें पहिलें कर्तव्य समजलें जाई. बाळंतपणांत आधींच रक्त जावयाचें, त्यांत ही भर.

पहिला खरा प्रकाश १८४३ सालीं पडला, आणि तो पाडणारें साधन अगदीं घरगुती होतें : मूत्र तापवावयाचें भांडें आणि दिवा. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांत रिचर्ड ब्राइट यानें १८२७ सालीं दाखवून दिलें होतें कीं, मूत्रपिंडाच्या कांहीं विकारांत अंगावर सूज येते आणि मूत्र तापवलें असतां त्यांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा सांका धरतो. ह्या द्रव्याला अल्ब्युमिन म्हणतात. त्याच रुग्णालयांतील प्रसूतिवैद्य जॉन लेव्हर याला आक्षेपांनीं पछाडलेल्या बाळंतिणींच्या चेहऱ्यावरची सूज पाहून ब्राइटच्या रोग्यांची आठवण झाली. त्यानें त्यांचें मूत्र तपासलें आणि जवळजवळ प्रत्येकीच्या मूत्रांत अल्ब्युमिन सांपडलें. एवढ्यावर तो थांबला असता तर ती एक चमत्कारिक नोंद होऊन राहिली असती. पण त्यानें आणखी एक काम केलें. आक्षेप न आलेल्या पन्नासांहून अधिक बाळंतिणींचें मूत्रहि त्यानें त्याच रीतीनें तपासलें. त्यांपैकीं ज्यांच्यांत आक्षेपांचीं पूर्वचिन्हें दिसत होतीं त्या वगळतां कोणाच्याहि मूत्रांत तें द्रव्य आढळलें नाहीं. आजारी माणसांबरोबर निरोगी माणसांकडेहि पाहावें, तरच फरक कळतो, ही साधी शिस्त ह्या इतिहासांत येथें प्रथम दिसते.

त्याच वर्षीं डब्लिन येथील रॉबर्ट जॉन्स यानें आक्षेपांपूर्वीं दिसणारीं चिन्हें एकत्र मांडलीं : डोकेदुखी, हात व चेहरा यांवरील सूज, दृष्टि अंधुक होणें, पोटाच्या वरच्या भागांत दुखणें. म्हणजे वीज पडण्यापूर्वींचे ढग आतां नोंदले गेले होते. तथापि ह्या ज्ञानाचा प्रसार मंद गतीनें झाला. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून वैद्यकीय पदवी मिळवली, तेव्हां लेव्हरच्या शोधाला ४३ वर्षें होऊन गेलीं होतीं. पण ज्या साधनानें ह्या व्याधीचें निदान आज खेड्यापाड्यांतून होतें, तें साधन अद्याप जन्मास यावयाचें होतें.

तें साधन म्हणजे दंडाला बांधावयाची हवेची पट्टी. इटलींतील ट्यूरिन येथें शिपियोने रिवा-रोची यानें १८९६ सालीं रक्तदाब मोजण्याचें सुटसुटीत यंत्र तयार केलें. दुसऱ्याच वर्षीं पॅरिसमध्यें व्हाकेझ आणि नोबेकूर या दोघां वैद्यांनीं आक्षेप आलेल्या स्त्रियांचा रक्तदाब अतिशय वाढलेला असतो असें सिद्ध केलें. १९०५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलाय कोरोत्कॉव्ह यानें दंडाच्या पट्टीखालीं नळी लावून नाडीचे आवाज ऐकण्याची रीत सांगितली, आणि वरचा व खालचा असे दोन्ही दाब मोजतां येऊं लागले. शतकानुशतकें 'एकाएकीं' येणारी ही व्याधि आतां आंकड्यांत बोलूं लागली. आज गर्भारपणाच्या उत्तरार्धांत वरचा दाब १४० किंवा खालचा ९० पर्यंत चढला तर तो धोक्याचा इशारा समजतात, आणि १६० किंवा ११० ची पायरी गांठली तर तांतडीनें औषध देऊन तो उतरवावा लागतो. कारण झटक्यांखेरीज मेंदूंत रक्तस्राव होऊन प्राण जाण्याचें भय असतें.

निदान हातीं आलें, पण उपचाराविषयीं मात्र एकमत नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यांचे दोन तट पडले. मूल बाहेर आल्यावाचून हा रोग सुटत नाहीं, हें अनुभवानें दिसत होतें. म्हणून एका पक्षाचें म्हणणें असें कीं, झटका येतांच काय वाटेल तें करून तत्काळ प्रसूति उरकावी. गर्भाशयाचें तोंड बळानें उघडून, अथवा पोट चिरून मूल काढण्यांत येऊं लागलें. शस्त्रक्रियेच्या नव्या सामर्थ्याची ती पहिली धुंदी होती. झटक्यांनीं जर्जर झालेल्या, रक्तदाब चढलेल्या स्त्रीवर हा आघात होई आणि पुष्कळ जणी त्यांतच दगावत.

दुसऱ्या पक्षाचा अग्रणी सेंट पीटर्सबर्गचा वासिली स्त्रोगानोव्ह. त्याची पद्धति ह्याच्या अगदीं विरुद्ध होती. रोगिणीला अंधाऱ्या, शांत खोलींत ठेवावें. मोठा आवाज, लख्ख उजेड, वारंवार हाताळणें हें सर्व वर्ज्य करावें. मॉर्फिया आणि क्लोरल हायड्रेट ठराविक वेळानें देऊन मेंदूला विश्रांति द्यावी. तपासावयाचेंच झालें तर क्लोरोफॉर्मखालीं तपासावें. आणि झटके आटोक्यांत आल्यावर प्रसूति शक्यतों नैसर्गिक रीतीनें होऊं द्यावी. त्याच्या हातून मरणाऱ्या रोगिणींचें प्रमाण इतरांपेक्षां इतकें कमी होतें कीं, प्रथम लोकांचा विश्वास बसेना. १९२२ सालीं ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांनीं आपापल्या रुग्णालयांतील नोंदी एकत्र केल्या, आणि थॉमस वॉट्स ईडन यांनीं त्यांचें परीक्षण करून जो निष्कर्ष काढला तो स्त्रोगानोव्हच्या बाजूचा होता : बळजबरीच्या प्रसूतीनें मृत्यु वाढतात. वैद्याचा हात आवरण्यानेंहि जीव वांचतो, हा धडा शिकावयास एक पिढी लागली. दोन्ही पक्षांतील सत्यांश पुढें एकत्र आला. प्रसूति हाच अखेरचा उपाय खरा, पण आधीं झटके थांबवावे, दाब उतरवावा, आणि मग रोगिणीला सोसेल त्या मार्गानें प्रसूति करावी, असें आज मानतात.

याच सुमारास दुसरी एक चळवळ मूळ धरीत होती. एडिंबरो येथील जॉन विल्यम बॅलन्टाइन यांनीं १९०१ सालीं असें आग्रहानें मांडलें कीं, प्रसूतिगृहाचें दार केवळ कळा सुरू झालेल्या बाईसाठीं उघडणें पुरेसें नाहीं. गर्भिणीसाठींहि तेथें खाट असली पाहिजे. आज ही गोष्ट स्वयंसिद्ध वाटते. त्या काळीं गर्भिणी ही रोगी नव्हे, तिला वैद्याकडे कशाला न्यावयाचें, हा प्रश्न तेथेंहि विचारला जात होता. हळूहळू गर्भिणींची नियमित तपासणी करणारे दवाखाने निघाले, आणि तेथें दर खेपेस तीन गोष्टी होऊं लागल्या : वजन, मूत्र आणि रक्तदाब. मुंबईंत परळ येथें १९२६ सालीं गिरणगांवाच्या वस्तीजवळ वाडिया प्रसूतिगृह उघडलें, तें ह्याच काळांतलें. बाळंतपण घराच्या अंधाऱ्या खोलींतून रुग्णालयांत आणण्याला आपल्याकडे जो विरोध झाला तो सर्वश्रुत आहे. पण ह्या एका व्याधीपुरतें पाहिलें तरी, ज्या स्त्रीचा दाब पूर्वीं कधीं मोजलाच गेला नाहीं तिच्यासाठीं पहिला इशारा म्हणजे पहिला झटकाच असे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

आतां ह्या कथेंत एका अगदीं सामान्य पदार्थाचा प्रवेश होतो. इंग्लंडांतील एप्सम या गांवच्या झऱ्याचें पाणी कडू. सतराव्या शतकांत त्यांतून जें मीठ काढूं लागले तें एप्सम सॉल्ट, रसायनशास्त्राच्या भाषेंत मॅग्नेशियम सल्फेट. घरोघर तें जुलाबासाठीं घेतलें जाई. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं न्यूयॉर्क येथें मेल्ट्झर आणि ऑवर यांनीं जनावरांवर प्रयोग करून दाखवलें कीं, हें मीठ टोंचून शरीरांत घातलें असतां मज्जातंतु व स्नायु शांत होतात. १९०६ सालीं जर्मनींत हॉर्न यानें आक्षेपांच्या रोगिणींना तें पाठीच्या कण्यांतून देऊन पाहिलें. १९२५ सालीं लॉस एंजेलिस येथें लझार्ड यांनीं तें शिरेवाटे देण्यास आरंभ केला, तर पुढच्याच वर्षीं सेंट लुई येथें डॉर्सेट यांनीं स्नायूंत टोंचण्याची रीत सांगितली. अमेरिकेंत ह्या औषधाचें चांगलें बस्तान बसलें.

त्याची शिस्त बसवण्याचें श्रेय टेक्सासमधील डॅलस येथील पार्कलँड रुग्णालयाचे जॅक प्रिचर्ड यांना आहे. ह्या औषधाचा गुण मोठा, तसा धोकाहि मोठा; प्रमाणाबाहेर गेलें तर श्वासच बंद पडतो. प्रिचर्ड यांनीं ठरवून दिलेला पहारा अत्यंत साधा होता. प्रत्येक मात्रेपूर्वीं परिचारिकेनें तीन गोष्टी पाहावयाच्या : गुडघ्यावर हातोडीनें ठोकलें असतां पाय उडतो कीं नाहीं, श्वास पुरेसा चालतो कीं नाहीं, आणि लघवी नीट होते कीं नाहीं. गुडघ्याची प्रतिक्रिया मंदावली कीं श्वासाला धोका पोहोंचण्यापूर्वींच सूचना मिळते. मग पुढची मात्रा थांबवावयाची, आणि जरूर पडल्यास उतारा म्हणून कॅल्शियम टोंचावयाचें. १९८४ सालीं प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २४५ रोगिणींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत मातेचा मृत्यु एकच होता, आणि तोहि औषधाची मात्रा चुकून अतोनात दिली गेल्यानें झालेला. यश इतकें मोठें, आणि अपयशहि त्यांनीं झांकून ठेवलें नाहीं.

असें असतांना जगानें हें औषध लगेच स्वीकारावयास हवें होतें. तसें झालें नाहीं. अटलांटिकच्या पलीकडे ब्रिटनमधील वैद्य म्हणत, जुलाबाच्या मिठानें मेंदूचे झटके कसे थांबणार? अपस्मारावर जीं औषधें चालतात तींच येथें द्यावीं. मद्रास येथें डॉ. कृष्ण मेनन यांनीं क्लोरप्रोमझीन, प्रोमेथझीन आणि पेथिडीन यांचें मिश्रण वापरून १९६१ सालीं ४०२ रोगिणींचा अनुभव मांडला. त्यांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास होतें, आणि आपल्या देशांत त्या मिश्रणाचा बराच प्रसार झाला. सिंगापूरहून १९६८ सालीं डायझेपामचा पुरस्कार झाला. १९८० नंतर ब्रिटनमध्यें फेनिटॉइन पुढें आलें. प्रत्येक देशाचें औषध निराळें, प्रत्येक गुरुकुलाची श्रद्धा निराळी. प्रत्येकाजवळ आपल्या यशाचा वृत्तांत होता, आणि तो खोटा नव्हता. पण एका रुग्णालयांत वांचलेल्या स्त्रियांची संख्या दुसऱ्या रुग्णालयांतील संख्येशीं ताडून औषधाचा निवाडा होत नाहीं. कारण रोगिणी निराळ्या, परिस्थिति निराळी, परिचारिकांची संख्या निराळी. लेव्हरनें १८४३ सालीं शिकवलेला तुलनेचा धडा येथें विसरला गेला होता. लझार्ड यांच्या पहिल्या टोंचणीपासून पक्का निकाल लागेपर्यंत ७० वर्षें गेलीं, आणि तोंवर कोणत्या स्त्रीला कोणतें औषध मिळावयाचें हें ती कोणत्या देशांत जन्मली यावर अवलंबून राहिलें.

निकाल लागला तो १९९५ सालीं. ऑक्सफर्ड येथून लेलिया ड्यूली यांनीं समन्वय केलेली, पण दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि भारत येथील रुग्णालयांनीं प्रत्यक्षांत पार पाडलेली अशी एक मोठी चांचणी त्या वर्षीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली. आक्षेप आलेल्या १६८७ स्त्रिया तींत होत्या. कोणत्या स्त्रीला कोणतें औषध द्यावयाचें हें वैद्याच्या मर्जीवर न ठेवतां चिठ्ठी टाकावी तसें यदृच्छेनें ठरवलें होतें, म्हणजे दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे राहावे. मॅग्नेशियम मिळालेल्या ४५३ स्त्रियांपैकीं ६० जणींना पुन्हा झटका आला. डायझेपाम मिळालेल्या ४५२ पैकीं १२६ जणींना. दुसऱ्या तुलनेंत मॅग्नेशियमच्या ३८८ पैकीं २२, तर फेनिटॉइनच्या ३८७ पैकीं ६६. वादाला जागा उरली नाहीं. ज्या देशांत ही व्याधि सर्वाधिक बळी घेत होती, त्याच देशांतील माता आणि वैद्य यांनीं सधन देशांच्या वैद्यकालाहि योग्य उपचार कोणता तें दाखवून दिलें, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

पुढचा प्रश्न असा : झटका येऊन गेल्यावर हें औषध उपयोगी पडतें, पण दाब वाढला आहे, मूत्रांत अल्ब्युमिन आहे, झटका अजून आलेला नाहीं, अशा स्त्रीला तें आधींच द्यावें काय? २००२ सालीं ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांवर झालेल्या 'मॅगपाय' नांवाच्या चांचणीनें उत्तर दिलें. मॅग्नेशियम मिळालेल्यांपैकीं ४० जणींना आक्षेप आले, न मिळालेल्यांपैकीं ९६ जणींना. म्हणजे धोका निम्म्याहून कमी झाला. तेव्हांपासून तीव्र स्वरूपाच्या रोगांत झटक्याची वाट न पाहतां हें औषध देण्याची वहिवाट पडली.

महाराष्ट्रानें ह्या कामांत केवळ घेण्याची भूमिका पत्करली नाहीं. प्रिचर्ड यांची मात्रा अमेरिकन स्त्रियांच्या शरीरमानानें ठरलेली. आपल्याकडील स्त्रिया वजनानें हलक्या. तेव्हां त्यांना तेवढी मात्रा लागतेच काय, असा प्रश्न सोलापूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं विचारला, व भारतीय स्त्रियांसाठीं कमी मात्रेची पद्धति २००३ सालीं मांडली. रक्तदाब उतरवण्याच्या औषधांचा प्रश्न नागपुरास सुटला. तेथील दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ गर्भिणींवर तीन औषधांची तुलना झाली आणि २०१९ सालीं ती 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाली. सहा तासांत अपाय न होतां दाब आटोक्यांत येणें ही तिची कसोटी होती. निफेडिपीननें शेंकडा ८४, लॅबेटॅलॉलनें ७७ आणि मेथिलडोपानें ७६ स्त्रियांत ती पुरी झाली. हीं तिन्ही औषधें तोंडानें घ्यावयाच्या गोळ्या आहेत. ज्या ठिकाणीं शिरेवाटे औषध देऊन अहोरात्र पहारा ठेवण्याइतकी माणसें नाहींत, तेथेंहि दाब उतरवतां येतो, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. गांवच्या आरोग्यकेंद्रांतील परिचारिकेला मॅग्नेशियमची पहिली मात्रा स्नायूंत टोंचून मग रोगिणीला मोठ्या रुग्णालयांत पाठवण्याची मुभा भारत सरकारच्या सूचनांनीं दिली आहे, तीहि ह्याच विचारानें. वाटेंतला वेळ हाच ह्या रोगाचा खरा हस्तक आहे.

आणि कारण? शिकागो येथील लाइंग-इन रुग्णालयाच्या इमारतीवर प्रसूतिशास्त्रांतील थोर पुरुषांचीं नांवें कोरलेल्या ढाली बसवल्या आहेत. त्यांतील एक ढाल ह्या व्याधीचें कारण शोधून काढणाऱ्यासाठीं कोरी ठेवली, असें सांगतात. रक्तांत भिनणारें एखादें विष, मूत्रपिंडाचा विकार, आहारांतील दोष, अशा कितीतरी उपपत्ति आल्या आणि गेल्या. आज एवढें निश्चित दिसतें कीं, रोगाचें मूळ वारेंत आहे. गर्भाशयांतील ज्या बारीक रोहिणी वारेला रक्त पुरवतात त्या गर्भारपणाच्या आरंभीं रुंदावावयास हव्यात. कांहीं स्त्रियांत त्या तशा रुंदावत नाहींत, वारेला रक्त अपुरें पडतें, आणि ती आईच्या रक्तांत असे पदार्थ सोडते कीं ज्यांमुळें सर्व शरीरांतील रक्तवाहिन्यांचें अस्तर बिघडतें. २००३ सालीं बोस्टन येथें अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा एका प्रथिनाचा मोठा वांटा दाखवून दिला. दाब, सूज, मूत्रांतील अल्ब्युमिन आणि झटके, हीं सर्व त्या एकाच बिघाडाचीं फळें. म्हणूनच वार बाहेर पडल्यावर रोग ओसरूं लागतो. ज्यांना धोका अधिक, त्यांना गर्भारपणाच्या पूर्वार्धापासून ॲस्पिरिनची अल्प मात्रा दिली असतां उपयोग होतो, हेंहि आतां ठरलें आहे. २०१७ सालीं १७७६ स्त्रियांवरील एका चांचणींत अकालीं उद्भवणाऱ्या ह्या रोगाचें प्रमाण शेंकडा ४.३ वरून १.६ वर आलें. मात्र असें औषध वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावयाचें असतें. वारेच्या त्या रोहिणी कांहींच जणींत कां रुंदावत नाहींत, ह्याचें पूर्ण उत्तर मिळालेलें नाहीं. त्यामुळें ती ढाल भरण्याचा अधिकार अद्याप कोणाला प्राप्त झालेला नाहीं.

ह्या सर्व इतिहासांतून सुशिक्षित कुटुंबांनीं घेण्यासारखें पुष्कळ आहे, पण तें थोडक्यांत सांगतां येतें. गर्भिणीचा रक्तदाब आणि मूत्र यांची तपासणी ही रुग्णालयाची औपचारिकता नव्हे. लेव्हर आणि रिवा-रोची यांच्या शोधांचें तें घरापर्यंत आलेलें फळ आहे. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढें काजवे किंवा अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकीं आलेली सूज, छातीखालीं पोटाच्या वरच्या भागांत दुखणें, यांपैकीं कोणतीहि तक्रार सकाळपर्यंत पाहूं म्हणून टाळावयाची नसते. झटका आलाच तर रोगिणीला एका कुशीवर वळवावें, तोंडांत चमचा, पाणी वा कांदा कांहींएक घालूं नये, आणि मिळेल त्या वाहनानें रुग्णालय गांठावें. बाळंतपण सुखरूप झालें म्हणजे भय सरलें, असेंहि नाहीं. कित्येक आक्षेप प्रसूतीनंतर पहिल्या दोन दिवसांत, आणि कांहीं त्याहून उशिरांहि येतात. बाळाच्या कौतुकांत घर दंग असतांना बाळंतीण डोकें धरून बसली असेल, तर तिच्याकडे आधीं पाहावें.

सुश्रुताच्या काळीं वैद्याला अशा रोगिणीपुढून माघार घ्यावी लागत होती. आज त्याला माघार घ्यावी लागत नाहीं. हा बदल कोणा एका अलौकिक पुरुषानें घडवून आणला नाहीं. मूत्र तापवून पाहणारा लंडनचा वैद्य, दिवे मंद करून पावलांचा आवाज होऊं न देणारा पीटर्सबर्गचा वैद्य, गुडघ्यावर हातोडी ठोकून मगच पुढची मात्रा भरणारी डॅलसची परिचारिका, आणि आपल्यावरील उपचार चिठ्ठीनें ठरवूं देऊन पुढच्या मातांचा मार्ग निष्कंटक करणाऱ्या अनेक देशांतील अनाम स्त्रिया, ह्या सर्वांचें तें मिळून केलेलें कार्य आहे. रोगाचें मूळ पुरतें हातीं लागलेलें नसतांनाहि त्यांनीं जीव वांचवले. जी स्त्री आज ह्या व्याधीनें मरते, ती बहुधा ज्ञान अपुरें पडल्यामुळें मरत नाहीं. तें ज्ञान तिच्यापर्यंत वेळेवर पोहोंचलें नाहीं म्हणून मरते. तेवढें अंतर तोडणें हें ह्या इतिहासाचें राहिलेलें प्रकरण आहे, आणि तें लिहिण्याचें काम वैद्यांइतकेंच घराघरांचें आहे.